रिकामी वाटी

१

धारवाडच्या मळमड्डीतल्या आमच्या घरात संध्याकाळी घड्याळ बघायची गरज पडत नसे. पॅसेंजर स्टेशनात शिरताना शिट्टी द्यायची, माझी बायको हेमावती देवापुढं दिवा लावायची आणि आमच्या नऊ वर्षांच्या कमलच्या अंगावर पित्त उठायचं. एखादे दिवशी गाडी उशिरा यायची, पण पित्त कधी उशिरा आलं नाही.

साल १९५७. मी हायस्कुलात विज्ञान आणि भूगोल शिकवत होतो. आदल्या नोव्हेंबरात आमचं धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, आणि वर्गातले जुने नकाशे उतरवून नवे टांगायचं काम हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात घातलं. जुने नकाशे फेकवेनात, म्हणून मी ते घरी आणून कोठीच्या खोलीत ठेवले. स्वयंपाकघरामागची ही कोठी म्हणजे ज्वारीची कणगी, दोन पत्र्याचे डबे आणि गार शहाबादी फरशी. खिडकी नाही. गारवा बरा वाटतो म्हणून पित्त उठलं की कमल तिथंच जाऊन पडायची. मग हेमावती आमसुलं भिजवलेलं पाणी वाटीत घेऊन तिच्या अंगाला लावायची आणि वरून घोंगडी पांघरायची. घोंगडी टोचते, त्यानं खाज मरते, असा आमच्याकडचा उपाय आहे. शास्त्रात बसत नाही, पण थोडा वेळ गुण येतो.

पोर रडायची नाही. अंगावरच्या गांधींचे आकार बघत बसायची. भूगोलाच्या मास्तराचीच मुलगी.

"अप्पा, मांडीवर काठेवाड आलंय बघा."

"खाजवू नको. सरहद्द बदलेल."

"आणि पाठीवर सिलोन आलंय. हात पोचत नाही."

मग मी आत जायचो आणि दोन बोटं आमसुलाच्या पाण्यात बुडवून सिलोनला लावायचो. ती हसायची. त्या संध्याकाळी मला कंटाळवाण्या वाटत असत, हे आज लिहितानाही लाज वाटते.

२

माझा औषधावर विश्वास होता. वहीत तीन रकाने आखून मी रोज लिहीत असे: काय खाल्लं, किती वाजता उठलं, किती वेळ टिकलं. वांगं बंद केलं, शेंगदाणे बंद केले, दही बंद केलं. पोरीच्या ताटात शेवटी मऊ भात आणि मुगाचं वरण एवढंच राहिलं. धारवाडचे डॉक्टर झाले, हुबळीचे झाले. कॅल्शियमची इंजेक्शनं झाली. ती टोचताना तिचं अंग आतून तापायचं आणि ती माझा अंगठा घट्ट धरायची. मग गोळ्या आल्या. गोळ्यांनी पित्त निम्म्यावर आलं, पण कमलही निम्मीच राहिली. वर्गात बाकावर डोकं टेकून झोपायची. तिच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली की मुलगी यंदा वर चढणं कठीण आहे. औषधाची किंमत ही अशी दुसऱ्याच खिशातून जाते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

शेजारच्या वेणूबाई हेमावतीला सारख्या सांगायच्या, "हुबळीच्या अंबूताईंकडं एकदा नेऊन आणा की. पित्त काढण्यात हातखंडा आहे त्यांचा." मी उडवून लावायचो. म्हणायचो, माझ्या वर्गात भुताखेतांना नाव घालता येत नाही.

एका संध्याकाळी शिट्टी झाली आणि कमलचे ओठ सुजले. मग डोळे. मग घशातून बारीक शिट्टीसारखाच आवाज यायला लागला आणि तिला श्वास घेता येईना. डॉक्टर येईपर्यंत हेमावती तिला मांडीवर उभी धरून बसली होती आणि मी नुसता पंख्यानं वारा घालत होतो. डॉक्टरांनी सुई दिली, पोर वाचली. जाताना ते म्हणाले, "मास्तर, पुढच्या वेळी मी घरी सापडलो पाहिजे."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कमलला घेऊन हुबळीची गाडी पकडली.

३

भूतबंगला बघायला मिळेल अशी माझी समजूत होती. घर साधं निघालं. दारात तुळस, ओट्यावर वाळत घातलेले सांडगे, आणि पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या बाई विळीवर गवारी मोडत बसलेल्या.

"बर्री, कुंदर्री मास्तर," या, बसा, असं त्या कानडीत म्हणाल्या आणि मग मराठीवर आल्या. "पोरगी झोपलीय काय? झोपू द्या."

गोळीच्या गुंगीत कमल माझ्या खांद्यावर झोपली होती. अंबूताईंनी तिचे तळपाय हातात घेतले, अंगठा फिरवून पाहिला आणि आतून काशाची वाटी आणली. आमच्या घरोघरी असते तसलीच. तळपायांना तूप लावून अशा वाटीनं घासलं की अंगातली उष्णता उतरते म्हणतात.

"पाच दिवस, दिवेलागणीला. गाईचं तूप. वाटी काळी पडेल, ती धुवायची नाही. सहाव्या दिवशी परत आणून द्यायची." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "आणि रिकामी आणायची. त्यात काहीएक घालायचं नाही. उपडी धरून आणा हवं तर. घरी सांगा, विसरू नका."

"आणि तुमचे पैसे?"

"पैसे ब्याडा, नकोत. रिकामी वाटी आणलीत की तुमचं-आमचं झालं."

इन्स्पेक्टरसाहेबांपुढं मान डोलवतो तशी मी मान डोलावली. त्यांच्या पाठीमागं आतल्या खोलीचं दार होतं. त्यावर घोंगडी टांगलेली होती. पडदा म्हणून घोंगडी कोण टांगतं, एवढाच विचार मनात आला आणि गेला.

४

पाचही दिवस हेमावतीनं तळपाय घासले. तूप काळं झालं. मी तिला समजावून सांगितलं की काशात तांबं असतं, तुपातल्या आम्लाशी त्याचा संयोग होतो, काळेपणा त्याचा आहे. ती म्हणाली, "असू दे. उतरतंय की नाही ते बघा." चौथ्या दिवशी चार-दोन गांधी उठल्या. पाचव्या दिवशी शिट्टी झाली, दिवा लागला, आणि कमल कोठीच्या दारात उभी राहून स्वतःचे दंड उलटेसुलटे करून पाहत राहिली. काही नव्हतं. हेमावती देवापुढं बसून रडली. मलाही भरून आलं होतं. मी वही मिटली.

रिकाम्या वाटीचं घरी सांगायला मी विसरलो नव्हतो. मी सांगितलं नाही. असलं काही माझ्या तोंडून बाहेर पडावं हेच मला नको होतं.

सहाव्या दिवशी निघताना हेमावतीनं वाटी फडक्यात बांधून पिशवीत ठेवली. गाडीत मी गाठ सोडून पाहिली. आत चार चिमूट साखर. दुसरं काय असणार! शेजारचं भांडं रिकामं परत देणारं घर आमच्यात कुणी पाहिलं आहे? निदान चार दाणे साखरेचे तरी त्यात पडतातच. खिडकीतून हात बाहेर काढून वाटी उलटी करायला किती वेळ लागला असता? पण साखर फेकली असती तर मी त्या बाईच्या बोलण्याला भ्यालो असं झालं असतं, आणि समोर दुसरं कुणी नसलं तरी मी स्वतः होतोच. मी गाठ परत बांधली.

अंबूताईंनी फडकं सोडलं आणि हात मागं घेतला.

"हे काय?"

"मंडळींनी घातलीय थोडी साखर. आमच्यात रिकामं देत नाहीत."

"ठाऊक आहे की. मी काय परमुलखातली आहे? म्हणूनच तुम्हाला मुद्दाम सांगितलं होतं." त्यांनी वाकून साखर पाहिली. "कुणाच्या हातची?"

हेमावतीनं निघताना मला कौतुकानं सांगितलं होतं, तेच मी सांगून टाकलं. "मुलीनंच घातली. तिच्या दुखण्यातली वाटी, तिचाच हात लागू दे म्हणून."

अंबूताईंनी वाटी फडक्यासकट माझ्याकडं सरकवली. त्यांचा चेहरा उतरला होता. "रीत तिकडंही आहे, मास्तर. आता तिकडूनही रिकामं यायचं नाही."

"तिकडून म्हणजे कुठून?"

"जावा तुम्ही. गाडी चुकेल."

परतीच्या गाडीत मी पुन्हा गाठ सोडली. वाटीत साखर नव्हती. फडक्यात एक दाणा नव्हता, पिशवीतही नव्हता. सांडली असेल, असं मी स्वतःला म्हणालो, आणि घर येईपर्यंत म्हणतच राहिलो.

५

मी चौकटीत पाऊल टाकलं तेव्हा शिट्टी नुकतीच झाली होती. कमल कोठीतून बाहेर आली. अंगाला तुपाचा वास.

"आलात, अप्पा?"

"कोठीत काय करत होतीस? पित्त उठलं?"

"नाही."

पित्त उठलं नव्हतंच. पुन्हा कधीही उठलं नाही. आठ दिवसांनी न्हायला घालताना हेमावतीनं मला हाक मारली. तिचा आनंद गगनात मावत नव्हता. "बघा तरी अंग कसं झालंय! गुडघ्यावरचा तो पडल्याचा वण गेला. देवी काढल्याचे वणसुद्धा गेले!"

कमलच्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचे दोन गोल वण होते. तेव्हाच्या प्रत्येक मुलाच्या दंडावर असायचे. ते वण जन्मभर जात नाहीत, हे मी वर्गात शिकवत होतो. मी तो दंड चिमटीत धरला. कातडी गुळगुळीत होती, कालच अंगावर चढवल्यासारखी. मुलगी मान खाली घालून पाणी अंगावरून ओघळू देत होती. पूर्वी दंडाला हात लावला की ती गुदगुल्या होऊन ओरडायची.

"तुपाचा गुण," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्याच आठवड्यात कोठीतून आवाज यायला लागला. शिट्टी झाली की सुरू. खर्र, खर्र, थांबून पुन्हा खर्र. मी उंदराचा पिंजरा लावला. खोबऱ्याचा तुकडा तीन दिवस तसाच वाळत राहिला. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभं राहून नीट ऐकलं. उंदीर लाकूड कुरतडतो तो आवाज मला माहीत आहे. हा नखांचा आवाज होता, आणि नखं लाकडावर चालत नव्हती.

६

कमल आता शहाण्यासारखी वागायची. वांगं खायची, दही खायची, पाढे न चुकता म्हणायची. बाईंची नवी चिठ्ठी आली की मुलीत जमीन-अस्मानाचा फरक पडला आहे. नकाशांकडं मात्र ती ढुंकून बघत नसे, आणि कोठीच्या दारावरून जाताना पलीकडच्या भिंतीला चिकटून जायची.

श्रावणातल्या एका शुक्रवारी वेणूबाईंनी डब्यातून पुरणाचे कडबू पाठवले. दुसऱ्या दिवशी त्या ओट्यावर येऊन हसत हेमावतीला म्हणाल्या, "काय हो, तुमच्या लेकीनं डबा घासूनपुसून दिला, पण अगदी ठणठणीत रिकामा! साखर महागली काय मळमड्डीत?"

हेमावती शरमली. कमलला हाक मारून म्हणाली, "अगं, चिमूटभर साखर नाही का घालायची? कितीदा शिकवलंय!"

मुलगी तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाली, "रिकामंच द्यायचं असतं. होय ना, अप्पा?"

 ही गोष्ट या घरात मी कुणालाही सांगितली नव्हती. मग मी हिशेब मांडला: अंबूताई बोलल्या तेव्हा कमल माझ्या खांद्यावर होती, गुंगीत का होईना, कानावर पडलं असेल. पडू शकतं. पण ऐकलं असतं तर तिनं वाटीत साखर का घातली असती? या प्रश्नापाशी मी अडायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचो. मला भीती वाटत होती, आणि भीतीला मी विचार म्हणत होतो.

७

दुसऱ्या संध्याकाळी मी कोठीच्या दारापाशी आधीच जाऊन उभा राहिलो. मधल्या खोलीत दिव्याजवळ कमल पाढे म्हणत होती. मला तिथून तिची पाठ दिसत होती, दोन वेण्या दिसत होत्या.

शिट्टी झाली. आत नखं सुरू झाली. मी दार ढकललं.

कणगी, डबे, भिंतीला टेकवलेले नकाशे. घोंगडी फरशीवर पसरलेली होती. ती मी सकाळी घडी घालून ठेवली होती. हात लावला तर उबदार. मग कणगीच्या मागून, जिथं मांजरसुद्धा बसू शकणार नाही अशा जागेतून, आवाज आला.

"अप्पा, सिलोन आलंय. पाठीवर. हात पोचत नाही."

मधल्या खोलीत पाढा चालूच होता. तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते एक्क्याण्णव. दोन्ही आवाज एकाच मुलीचे होते, आणि एकाच वेळी येत होते.

बापानं अशा वेळी काय करायला हवं ते कुणीही सांगेल. मी मागच्या मागं बाहेर आलो आणि कडी घातली.

८

दुसऱ्या दिवशी हुबळीला पोचलो तेव्हा अंबूताई विळीवरच होत्या. मी त्यांच्या पायाशी बसलो. मास्तरकी गळून पडली होती.

"माझी मुलगी कुठली, आतली की बाहेरची?"

"बाहेरची जेवते ना नीट?"

"जेवते."

"अंगावर काही उठतं? श्वास अडतो?"

"नाही."

"मग गुण आला म्हणायचा. त्यासाठीच आला होतात ना माझ्याकडं?" त्यांचा आवाज कठोर नव्हता. दमलेला होता. "मी तर घोंगडी टांगून बसलेय जन्मभर. एकदा घातलेलं काढता येत नाही, मास्तर. वर कुणी दुसऱ्या हातानं घातलं तरच सुटतं, पण मग तो हात तिथं अडकतो. तसलं कुणाच्या मनातही येऊ नये."

आतल्या खोलीच्या दारावरची ती घोंगडी थोडी हलली. वारा नव्हता. अंबूताईंनी मान न वळवता म्हटलं, "आले गं, बाई, आले," आणि गवारी बाजूला सारून त्या उठल्या. आमसुलाच्या पाण्याची वाटी त्यांच्या शेजारीच होती.

९

घरी येऊन मी ती काशाची वाटी काढली, आमसुलं भिजवली आणि हेमावती देवाजवळ असताना कोठीचं दार वीतभर उघडून वाटी आत ठेवली. दार ओढून घेतलं. फट राहू दिली.

शिट्टी झाली. खर्र, खर्र. मग थांबलं. पाण्यात बोटं बुडाल्याचा आवाज आला, आणि पोरीनं सुस्कारा सोडला. बरं वाटल्यावर ती सोडायची तसाच. मी दाराला कपाळ टेकून उकिडवा बसलो होतो, हात उंबऱ्यावर. थोड्या वेळानं वाटी फरशीवरून घासत फटीपर्यंत आली. तिला ढकलणारा हात मला मनगटापर्यंत दिसला. छोटा, लाल, गांधींनी भरलेला. मागं जाताना तो उंबऱ्यावर क्षणभर थांबला. माझा अंगठा तिथंच होता. तिनं तो धरला नाही, मीही पुढं केला नाही.

वाटीतलं पाणी संपलं होतं. तळाशी चार दाणे साखरेचे होते.

 आता शंकेला जागाच नव्हती. हेमावतीच्या हाताखाली वाढलेली पोर वाटी रिकामी परत देणार नव्हती. तिच्याजवळ तिकडं जे काही होतं त्यातलं तिनं घातलं होतं.

दार उघडून तिला ओढून बाहेर का काढलं नाही? हे मी तीस वर्षं स्वतःला विचारत आलो. आतली बाहेर आली तर बाहेरची जाणार, आणि आतली येणार ती सुजलेले ओठ आणि अडलेला श्वास घेऊन. हेमावती पुन्हा हसायला लागली होती. अशी कारणं मी पुष्कळ दिली. खरं कारण एकच, मी भ्यालो.

१०

बाहेरच्या कमलनं मला कधी त्रास दिला नाही. पहिल्या नंबरानं पास झाली. हुबळीच्या विद्यानगरात दिली, घर चांगलं मिळालं. मुलगी झाली, मालती. सणावाराला कमल येते, पायाला हात लावते. तिचा स्पर्श झाला की अजून माझ्या अंगावर काटा येतो. चाळिशीला आली, पण अंगावर साधा डास चावल्याचा डाग नाही. हेमावती गेली तोवर तिला काही कळलं नाही. एवढं एक मी सांभाळलं.

घर मी सोडलं नाही. बदली आली तेव्हा नोकरी सोडून शिकवण्या धरल्या. रोज दिवेलागणीला आमसुलाचं पाणी ठेवतो, रोज फटीतून तोच छोटा हात येतो. तीस वर्षांत तो एक बोटभरही वाढलेला नाही. वाटीत रोज काहीतरी असतं. ज्वारीचा दाणा, घोंगडीचा धागा, जुन्या नकाशाचा कपटा. सगळं मी एका डब्यात ठेवलं आहे.

मालती गेल्या आठवड्यात सुट्टीला आली. नऊ वर्षांची. बडबडी, गुडघे फुटलेले, डास चावून हातभर लाल ठिपके. तिला बघून मला फार बरं वाटायचं. कोठीकडं जायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ती विचारायची, "आजोबा, वाटीत रोज काय ठेवता?" मी म्हणायचो, "उंदराचं औषध."

काल दुपारी ताप भरल्यासारखं वाटलं म्हणून पडलो आणि डोळा लागला. जाग आली ती शिट्टीनंच. दिवा लागला नव्हता. भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेलो.

कोठीची कडी लागलेली होती. वाटी उंबऱ्याबाहेर होती. रिकामी. तीस वर्षांत पहिल्यांदा. शेजारी चॉकलेटचा कागद पडला होता, नीट चार घड्या घातलेला. मालतीची सवय. आजोबा झोपलेत म्हणून पोरीनं माझं काम केलं होतं, आणि नुसतं पाणी कसं द्यायचं म्हणून त्यात आपल्याकडचं चॉकलेट घातलं होतं. दोन वर्षांपूर्वी हेमावतीनं तिला मांडीवर घेऊन ती रीत शिकवली होती. मी तेव्हा तिथंच पेपर वाचत बसलो होतो.

"मालती," मी हाक मारली. 

मधल्या खोलीच्या अंधारात ती पाठमोरी बसली होती. मालतीचाच पिवळा फ्रॉक. एक हात खांद्यावरून मागं टाकून पाठ खाजवायचा प्रयत्न चालला होता.

"अप्पा," ती म्हणाली, "दिवा लावा ना. सिलोन आलंय."

मी दिवा लावला. तीन काड्या मोडल्या. तिचा डावा दंड उजेडात आला. त्यावर देवी काढल्याचे दोन गोल वण होते. मालतीच्या वयाच्या मुलांना ती लस टोचलेलीच नाही.

मला आनंद झाला. ते आधी लिहितो, कारण ते खरं आहे. मी तिला पोटाशी धरलं, तिचं अंग तापलेलं, गांधींनी खडबडीत, आणि ती गुदगुल्या होऊन हसली. मी हमसून हमसून रडलो. तिनं माझा अंगठा धरला. आणि त्याच वेळी, मागं, कडी घातलेल्या दाराआड, फरशीवर काहीतरी सरकलं. नवखी, घाबरलेली नखं एकदा ओढली गेली आणि थांबली.

"आजोबा?"

उद्या सकाळच्या बसनं मालतीची आई तिला न्यायला येणार आहे. तिला मी काय दाखवू आणि काय सांगू, मला कळत नाही. ती बघेल, आणि तिला सगळं ठाऊक असेल, याचीच मला जास्त भीती वाटते.

आता संध्याकाळ होत आली आहे. आमसुलं भिजत घातली आहेत. दोन वाट्या काढून ठेवल्या आहेत.